अब्बांकडे उरलेला शब्द

अब्बांना झटका आला तेव्हा ते बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालत होते. मी ऑफिसला निघाले होते. मागे डबडं पडल्याचा आवाज आला, तेव्हा मी जरा चिडूनच म्हटलं, "अब्बा, राहू द्या, मी पुसते." उत्तर आलं नाही म्हणून वळून पाहिलं. ते कठड्याला टेकून खाली बसले होते. तोंडाची उजवी बाजू ओघळली होती आणि डोळे माझ्याकडे लागले होते. त्यांना काहीतरी सांगायचं होतं. ते काय होतं, मला कधीच कळलं नाही.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली. उजवा हात आणि उजवा पाय गेला. जीव वाचला. "त्यांना समजतंय बरंचसं," डॉक्टर म्हणाले, "पण शब्द सापडत नाहीत. काही परत येतील, काही येणार नाहीत." आमचे अब्बा मराठी शाळेत भूगोल शिकवायचे. उभा जन्म बोलण्यात गेलेला माणूस. पलंगावर पडून ते ओठ हलवायचे, आणि आवाज म्हणून फक्त श्वास बाहेर यायचा.

बोलायला शिकवणारी एक तरुण मुलगी रोज वॉर्डात यायची. तिनं त्यांना नाव विचारलं, गाव विचारलं, चमचा दाखवला, घड्याळ दाखवलं. काही नाही. मग ती म्हणाली, "बरं काका, आपण नुसते आकडे म्हणू. ते आपोआप येतात. माझ्याबरोबर म्हणा. एक..."

"एक," अब्बा म्हणाले.

मी स्टुलावरून उठून उभी राहिले. रडायला आलं. ती मुलगी हसली. "व्वा! आता दोन."

"एक."

"दोन, काका. दो-न."

"एक."

दोन काही आलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. मुलीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, असं होतं कधीकधी. एकच शब्द मेंदूत अडकून राहतो आणि माणूस काहीही सांगायला गेला की तोच बाहेर पडतो. "त्यांना वाटतं आपण नीट वाक्य बोलतोय. तुम्ही चेहरा बघा, आवाज ऐका. शब्दाकडे लक्ष देऊ नका."

अब्बांना घेऊन मी घरी आले. आमचं घर अंधेरी पूर्वेला, जुन्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर. अम्मी जाऊन बरीच वर्षं झाली. भाऊ आखातात, तो रोज फोन करायचा आणि फोनवर रडायचा, आणि मग त्याचीही समजूत मलाच घालावी लागायची. मी लग्न केलेलं नाही. वांद्र्याच्या त्या काचेच्या इमारतींपैकी एकीत विम्याच्या कंपनीत माझी नोकरी. पन्नाशी उलटलेली. दिवसा अब्बांजवळ बसायला एक मावशी मिळाल्या. त्या गोवंडीहून यायच्या, मूळच्या जालन्याकडच्या, बौद्ध. त्या आल्या की मी निघायची, मी आले की त्या निघायच्या. मधल्या वेळात दोघी दारात उभ्या राहून बोलायचो: जेवले का, झालं का, पाठ पुसली का, किती वेळा 'एक' म्हणाले.

कारण आता सगळंच 'एक' होतं. तोडून म्हटलेला एक म्हणजे पाणी. ओढून म्हटलेला 'ए...क' म्हणजे लघवी. पाठोपाठचे दोन-तीन म्हणजे टीव्ही बंद करा. खालच्या पट्टीतला, शेवटी वर चढणारा, म्हणजे नमाजाची वेळ झाली का? आणि काही वेळा असा एक यायचा, ज्याचा अर्थ मला लागायचा नाही. मी विचारत सुटायची, "उशी? पंखा? दुखतंय? खिडकी?" प्रत्येक वेळी ते मान हलवायचे आणि शेवटी डोळे मिटून घ्यायचे. ऑफिसातून आल्यावर ते मिटलेले डोळे बघणं मला सगळ्यात जड जायचं. वाटायचं, ओरडा माझ्यावर, पण डोळे मिटू नका.

अब्बा कोण होते ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

शाळेतल्या नोकरीच्या दिवसांपासून ते रविवारी दुपारच्या नमाजानंतर मशिदीच्या बाजूच्या खोलीत मोठ्या माणसांना शिकवायचे. विषय एकच, तौहीद. म्हणजे अल्ला एक आहे आणि त्याच्या जोडीला कुणी नाही, हा इमानाचा पाया. अब्बा तो शब्द कमी वापरायचे. ते 'एकपण' म्हणायचे. "एक म्हटलं की आपल्या डोक्यात लगेच दोन येतं," ते सांगायचे. "वर्गात पहिला नंबर आहे म्हणजे दुसरा असणारच. हा तसला एक नाही. मोजणीतला नाही. हा असा एक, की ज्याच्यापुढे मोजणी चालतच नाही."

लोकांना हे जड जायचं. मग ते शाळेतलं उदाहरण काढायचे. "पेपर तपासताना एखाद्या पोरानं नाव लिहिलेलं नसतं. तरी मला कळतं कुणाचा पेपर. कसं? अक्षरावरून. आता मुंगी बघा, भरती-ओहोटी बघा, फणस कापून आत बघा. अक्षर एकाचंच आहे. आणि सगळं एकाच हातचं असेल, तर त्यातलं हलकं कुठलं आणि भारी कुठलं?" घरात ते आम्हाला कावळ्याला हाडूत म्हणू द्यायचे नाहीत. "तोही आपल्या सफीतला आहे," म्हणायचे. नमाजात खांद्याला खांदा लावून उभे राहतात, त्या रांगेला सफ म्हणतात. त्यांच्या हिशेबी सगळी सृष्टी त्याच रांगेत होती. झाड जन्मभर उभं. गुरं जन्मभर वाकलेली. सरपटणारे कपाळ टेकून. "माणूस हे सगळं आलटून-पालटून करतो, म्हणून त्याला वाटतं आपण कुणीतरी मोठे."

त्यांना एका गोष्टीची मात्र चीड होती. एकाच्या ऐवजी दुसऱ्या कुणाकडे मागणं. माणसाकडे, थडग्याकडे, गंड्याकडे, ताईताकडे. अम्मीच्या शेवटच्या आजारात एका नातेवाइकानं फुंकून आणलेलं पाणी त्यांनी तिच्यादेखत मोरीत ओतलं होतं. अम्मी दोन दिवस बोलली नाही त्यांच्याशी.

आमच्या खालच्या मजल्यावर मालवणकडचे काका राहतात. त्यांचे वडील गिरणीत होते, ते स्वतः टेलिफोन खात्यातून रिटायर झाले. ते अब्बांना मास्तर म्हणायचे, अब्बा त्यांना गाववाले. अब्बा रत्नागिरीकडचे, काका पार खालचे, पण मुंबईत कोकण सगळं एक गाव. संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर दोघांचा वाद चालायचा, आणि तो वाद मी लहानपणापासून ऐकत आले.

"मास्तर, शेवटी तुम्ही आणि आम्ही एकच बोलतो. सगळं तोच आहे."

"तोच नाही, गाववाले. त्याचंच आहे."

"झाला किती फरक? एका अक्षराचा!"

"त्या अक्षरात मालक आणि बंदा वेगळे होतात."

"अहो, तुमच्यातले मोठे मोठे अवलिये 'सगळं तोच' म्हणून गेलेत. मी ऐकलंय."

"गेलेत. ते इतके बुडाले की त्यांना दुसरं काही दिसेना. मनोरीला भरतीच्या वेळी खडक दिसतात का? नाही दिसत. म्हणून खडक गेले कुठे? तिथेच आहेत. होडीवाल्याला विचारा."

काका मांडीवर थाप मारून हसायचे. दुसऱ्या दिवशी वाद पुन्हा पहिल्यापासून. दोघांपैकी कुणालाच तो जिंकायचा नव्हता.

तर असा माणूस, आणि त्याच्याकडे एकच शब्द उरला, आणि तो हा.

घरी आणल्यानंतर काही आठवड्यांनी मशिदीतले एक वयस्कर हाजीसाहेब भेटायला आले. अब्बांच्या रविवारच्या खोलीत बरीच वर्षं बसलेले. पलंगाशेजारी बसून त्यांनी विचारलं, "मास्तर, कसे आहात?"

"एक," अब्बा म्हणाले.

हाजीसाहेब थबकले. "काही हवंय का? काही लागतंय?"

"एक. एक."

हाजीसाहेबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "सुभानल्ला," ते म्हणाले. "सगळं गेलं, आणि हे राहिलं. बघ पोरी, अल्लानं याच्या जिभेवरचं सगळं पुसलं आणि स्वतःचं एकपण ठेवलं."

मी चहा घेऊन उभी होते. सांगितलं त्यांना, हॉस्पिटलात काय झालं ते. आकडे म्हणत होतो, एक आलं, दोन आलं नाही. मेंदूत शब्द अडकतो, असं बोलायला शिकवणारीनं सांगितलंय. हाजीसाहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दोन आलंच नाही ना? मग!"

मी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला.

तेव्हापासून माणसं यायला लागली. आधी मशिदीतली, मग त्यांच्या घरातली, मग त्यांच्या ओळखीची. जोगेश्वरीहून, कुर्ल्याहून. येणारे भले लोक होते, याची मला आजही शंका नाही. कुणी फळं आणायचं, कुणी नुसतं दारात उभं राहून ऐकायचं. अब्बा 'एक' म्हणाले की डोळे पुसत जायचे. तो 'एक' बहुतेक वेळा ओढलेला असायचा आणि मला भांडं घेऊन धावायचं असायचं, पण खोलीत पाहुणे. मी त्यांना बाहेर काढायची. मग ते बाहेरच्या खोलीत बसायचे, म्हणजे त्यांना चहा करणं आलं.

मावशींनी स्वतःचा मार्ग काढला होता. बेल वाजली की त्या दार अर्धंच उघडून सांगायच्या, "बाबा झोपलेत." आतून अब्बांचा खणखणीत 'एक' ऐकू यायचा. "झोपेत बोलतात," मावशी म्हणायच्या आणि दार लावायच्या.

एकदा त्यांनी मला विचारलं, "ताई, तुमच्यात देवाचा फोटो नसतो ना?"

"नसतो."

"आमच्यात फोटो असतात, पण त्यांच्याकडे मागायचं नसतं. देवच मानत नाही ना आम्ही."

"मग संकट आलं की काय करता?"

"काय करणार? सकाळी उठून कामाला जातो."

पलंगावरून आवाज आला. बघितलं तर अब्बा हसत होते. झटक्यानंतर पहिल्यांदा. वाकडं, एका बाजूनं, पण हसणंच होतं ते. मावशींना वाटलं आपलं काही चुकलं. मला वाटलं, अब्बांना बोलता येत असतं तर आज मावशींना इथून सुटका नव्हती. चांगला तास-दीड तास घेतला असता त्यांनी.

मग बाटल्या आल्या. एका बाईनं पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाली, मास्तरांना यावर 'एक' म्हणू दे, घरात आजारी माणूस आहे. काही म्हणून पाण्यावर फुंकर मारतात, त्याला दम करणं म्हणतात. मी नाही म्हटलं. ती कळवळून गेली. पुढच्या वेळी दुसरी आली, तिलाही नाही म्हटलं. तिसऱ्या वेळी मी ऑफिसातून नुकती आले होते, डोकं ठणकत होतं, आणि मी काहीच बोलले नाही. त्या माणसानं बाटली अब्बांच्या तोंडाजवळ धरली आणि नंतर वाकून त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं. अब्बांनी हात ओढून घेतला. चेहरा लाल झाला. "एक!" ते ओरडले. "एक! एक!"

"आमीन," तो माणूस म्हणाला.

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला बरोबर कळलं. पण माणूस तोवर चप्पल घालत होता, आणि मला त्याच्या मागे जायची ताकद नव्हती. मी तिथेच खुर्चीत बसले. त्या दिवसांत माझ्या थकव्याला काही तळच राहिला नव्हता. झोपून उठलं तरी थकलेलीच असायची. कुणी प्रेमानं बोललं तरी वाटायचं, आता याला उत्तर द्यावं लागणार.

त्याच सुमारास खालच्या काकांच्या मुलीचं दुखणं कळलं. माझ्याहून बरीच लहान, पस्तिशीची, घाटकोपरला दिलेली. छातीत गाठ. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी केमो सांगितली. ती माहेरी येऊन राहिली. काका संध्याकाळी अब्बांना बघायला वर यायचे तेही बंद झालं. जिन्यात भेटले की म्हणायचे, "मास्तर बरे ना?" आणि उत्तर ऐकायला थांबायचे नाहीत.

एका शनिवारी संध्याकाळी बेल वाजली. मावशी निघाल्या होत्या. दारात खालच्या काकी, आणि पदराआड पाण्याची बाटली.

"चेडवा, मास्तर जागे आसत?" त्यांनी विचारलं.

मी बाटलीकडे बघितलं. "काकी, तुम्ही पण?"

"मी पण म्हणजे काय? मी काय लोखंडाची आसंय?" त्या आत आल्या. "माका म्हायत आसा, मास्तरांका ह्या असला चालना नाय. ह्यांका सांगून नाय इलंय मी. पण सगळा गाव येता, सगळ्यांका मास्तर देतत. माझ्या पोरीनं त्यांच्याच मांडीवर बाराखडी गिरवली. एक फुंकर तिच्यासाठी."

मला वाद घालायचा नव्हता. खरं सांगायचं तर, मला वाटलं, फुंकू दे. कुणाचं काय जातं. मी बाजूला झाले.

काकी पलंगाजवळ गेल्या, टोपण काढलं आणि बाटली अब्बांसमोर धरली. अब्बांनी आधी काकींकडे पाहिलं. ओळखीचं हसू आलं चेहऱ्यावर. मग बाटली दिसली. हसू गेलं. त्यांनी डाव्या हातानं बाटली बाजूला सारली. थोडं पाणी चादरीवर सांडलं.

"एक," ते म्हणाले. आवाज चढला. "एक! एक!" आणि डाव्या हाताचं बोट वर, छताकडे. नमाजात बसल्यावर एकपणाची साक्ष द्यायला उजव्या हाताचं बोट उचलतात. ते बोट आता उठत नव्हतं. म्हणून डावं.

काकी दोन पावलं मागे सरल्या. त्यांचा चेहरा पडला. "नको म्हणतत?" त्या माझ्याकडे वळल्या. "सगळ्यांका देतत आणि आमका नाय? आमी तुमच्यातली नाय म्हणान?"

अब्बांना ते कळलं. समजत होतं त्यांना सगळंच. त्यांनी जोरजोरात मान हलवली, नाही, नाही. तोंड उघडलं. इतकी वर्षं, इतके रविवार जे बोलले ते सगळं त्या वेळी त्यांच्या तोंडाशी आलेलं मला दिसत होतं, आणि बाहेर पडलं ते "एक, एक, एक," आणि काकी रडायला लागल्या.

तेव्हा मी बोलले. ठरवून नाही. मी काही रोज नमाज पढणारी बाई नाही. शाळेत असताना रविवारच्या खोलीत दाराशी बसून कंटाळलेली मुलगी मी. पण इतक्या वर्षांत कानांवर पडलेलं कुठे जात नाही.

"काकी, तसं नाही. ते कुणालाच देत नव्हते, लोक त्यांचं ऐकत नव्हते. त्यांना म्हणायचंय, माझ्याकडे नको मागूस. मीही तुझ्यासारखाच मागणारा. तूही त्याच्याच हातची, मीही त्याच्याच हातचा, तुझी पोरगीही. ज्यानं तिला केलं त्याच्याकडे माग. मधे कुणी नको. मी तर नकोच नको."

मी अब्बांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "एक," ते म्हणाले, अगदी हळू. हा 'एक' माझ्या यादीत नव्हता. पण त्याचा अर्थ विचारायची मला गरज पडली नाही. किती तरी महिन्यांनी त्यांचं वाक्य कुणीतरी पुरं केलं होतं.

मग त्यांनी डावा हात छातीसमोर उघडा धरला, दुआ मागायला धरतात तसा. दुआला दोन हातांची ओंजळ लागते. उजवा हात मांडीवर पडला होता. ते त्याच्याकडे बघत राहिले. मी पलंगावर त्यांच्या शेजारी बसले, तो उजवा हात उचलला आणि डाव्याला लावून धरला. जड होता. झोपलेल्या मुलाचा असतो तसा. काकींनी बाटली खाली ठेवली, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले.

अब्बांचे ओठ हलत होते. माझा दंड भरून आला, पण मी हात खाली सोडला नाही. त्या वेळी मी काय मागितलं? काकींच्या मुलीसाठी मागायला हवं होतं. मी मागितली झोप.

काका केव्हा वर आले कळलं नाही. दार उघडंच राहिलं होतं. ते चौकटीत उभे होते आणि आमचं होईपर्यंत तिथेच थांबले. मग आत येऊन त्यांनी काकींच्या खांद्यावर हात ठेवला. "चल," एवढंच म्हणाले. अब्बांकडे बघून त्यांना काही बोलायचं होतं, पण त्यांनाही ते जमलं नाही. आता त्या खोलीत शब्द नसलेली दोन माणसं झाली. बाटली तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी मावशींनी त्या पाण्यानं भांडी विसळली.

त्यानंतर मी लोकांना थांबवलं. हाजीसाहेबांनाच सांगितलं, "अब्बांना त्रास होतो. भेटायला या, बसा, पेपर वाचून दाखवा. पण बाटल्या नकोत आणि त्यांच्या हाताचं चुंबन घेणं नको."

"लोकांची श्रद्धा आहे, पोरी."

"लोकांची आहे, अब्बांची नाही. तुम्ही इतकी वर्षं त्यांच्या खोलीत बसलात. तुम्हीच सांगा, त्यांना बोलता येत असतं तर त्यांनी काय केलं असतं?"

"मोरीत ओतलं असतं," हाजीसाहेब म्हणाले. जरा दुखावलेच होते. पण तेच मशिदीत बोलले असावेत, कारण गर्दी ओसरली. काही जणांनी मला शिष्ट म्हटलं, तेही कानांवर आलं. म्हणू देत.

काका पुन्हा संध्याकाळी येऊ लागले. मुलीचे केस गेले, भूक गेली; ते सगळं ते अब्बांना सांगायचे. कधी सांगण्यासारखं काही नसलं की जुना वाद काढायचे. "मास्तर, आज मी तुमच्या बाजूनं बोलतो हां," म्हणून दोन्हीकडचं स्वतःच बोलायचे. अब्बांचा मुद्दा चुकीचा मांडला की अब्बा 'एक' म्हणून टोकायचे. मग काका थांबून पुन्हा मांडायचे. मी स्वयंपाकघरात कुकर लावताना ऐकत असायची. एकदा काका म्हणाले, "मास्तर, पोरीच्या उशाशी बसलो की मला 'सगळं तोच' म्हणवत नाही. ती वेदनाही तोच? हे नाही पटत." अब्बांनी डावा हात काकांच्या गुडघ्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला.

काकांच्या मुलीची केमो संपली. तिचे केस उगवले, शाळेतल्या पोरासारखे बारीक. ती घाटकोपरला परत गेली. दर काही महिन्यांनी तपासणी असते. पुढचं कुणाला ठाऊक नाही.

अब्बांना दुसरा झटका हिवाळ्यात आला, पहाटेच्या झोपेत. मी सकाळी चहा घेऊन गेले तेव्हा ते गेलेले होते. चेहरा शांत होता, चादर विस्कटलेली नव्हती. मी चहाचा कप टेबलावर ठेवला आणि आधी मावशींना फोन केला, येताना घाई करू नका म्हणून. मग भावाला, मग खाली काकांना.

माणसं जमली. बायका आतल्या खोलीत, पुरुष जिन्यात आणि खाली. काका कब्रस्तानात गेले, मातीही दिली त्यांनी. भाऊ विमानात होता, तो पोहोचला नाही. दुपारी कुणीतरी बाई माझ्याजवळ सरकून बसल्या आणि हळूच विचारलं, "शेवटचा शब्द काय होता गं? एकच ना?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. हो म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. कदाचित मलाही.

"काहीच नव्हता," मी म्हटलं. "झोपेत गेले. मी तिथे नव्हते."

त्या जरा हिरमुसल्या. मग एकीनं विचारलं, चहा ठेवू का, आणि मी हो म्हटलं.

तिसऱ्या दिवसानंतर पाहुणे गेले. भाऊ येऊन राहिला होता, तो कसल्या तरी कामाला बाहेर पडला. सकाळी नेहमीच्या वेळी बेल वाजली. मावशी. त्यांना मी येऊ नका असं सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. आत येऊन त्यांनी पदर खोचला, खोलीत गेल्या, रिकाम्या पलंगाशी जरा वेळ उभ्या राहिल्या आणि बाहेर येऊन माझ्यासमोर बसल्या.

"ताई, सवय लागली ना," त्या म्हणाल्या.

"मलाही," मी म्हटलं.

काम काहीच नव्हतं. दोघी बसून राहिलो. मग मावशी उठल्या, चादर झटकून पलंगावर नीट घातली आणि म्हणाल्या, "आडव्या व्हा जरा. मी आहे इथं." मी आडवी झाले. ऑफिसला रजा होती, कुणी हाक मारणार नव्हतं, कुणाचं काही ओळखायचं नव्हतं. बाहेर मावशी भांडी हळू हळू लावत होत्या, आवाज होऊ नये म्हणून. मी झोपले ती थेट संध्याकाळपर्यंत.